रात्रपाळीची वही

कळंबोलीच्या पोलाद बाजारात संध्याकाळी सात वाजले की दिवसाचा कोलाहल उतरू लागतो. वजनकाट्यावरची रांग संपते, सळयांनी भरलेले शेवटचे ट्रेलर महामार्गाला लागतात आणि गाळ्यांमध्ये दिवसभराची बिले, चलने व बिल्ट्या जुळवण्याचे काम सुरू होते. नेमक्या याच वेळी वसाहतीतील काही घरांतून तरुण मुले पाठीला बॅग लावून बाहेर पडतात. ऐरोली, महापे, बेलापूर या बाजूला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ती बसतात, आणि घरच्यांचा दिवस मावळताना त्यांचा दिवस उगवतो. परदेशातील बँका व विमा कंपन्या यांच्या मोठ्या संगणकांवर रात्रभर लक्ष ठेवणे, हे त्यांतील काहींचे काम असते.

अशाच एका घरातील ही हकीकत. आजोबा तरुणपणी मुंबईच्या कर्नाक बंदरात लोखंडाचा व्यापार करीत. तिथली गर्दी कमी करण्यासाठी सिडकोने कळंबोलीत पोलादाचा घाऊक बाजार वसवला, तेव्हा पेढीही इकडे आली. आता पेढी वडील सांभाळतात. मुलगा मात्र संगणकशास्त्र शिकून एका कंपनीत मेनफ्रेमच्या देखभालीवर लागला. दोन वर्षे झाली, पगार चांगला, वरिष्ठही समाधानी. जुलैमधील एका सकाळी तो रात्रपाळीहून परतला तेव्हा चहासुद्धा न घेता खोलीत जाऊन पडला. दुपारी आजोबांनी विचारले तेव्हा त्याने जे सांगितले, ते असे.

त्याच्या विभागात दोन मते होती. निवृत्तीला आलेले एक वरिष्ठ नव्या मुलांना सांगत, "आज्ञा पाठ करा. कागद न पाहता हाताने देता आल्या पाहिजेत." मुलाला हे जुनाट वाटे. रोज तीच कामे, त्याच क्रमाने करायची असतील तर ती यंत्रालाच का सांगू नयेत? त्याने हळूहळू आपल्या पाळीतील बहुतेक नित्याची कामे छोट्या स्वयंचलित प्रोग्रामांकडे सोपवली. पाऊण तासाचे काम पाच मिनिटांत होऊ लागले. चुका थांबल्या. कौतुकही झाले.

त्या रात्री अडीच वाजता कामे चालवणारी स्वयंचलित व्यवस्थाच बंद पडली. दुसऱ्या संस्थेकडे फाइली पाठवणारा एक प्रोग्राम ठरल्या वेळी थांबवायचा होता. रोज तो आपोआप थांबे, मुलाने स्वतःच्या हाताने तो कधीच थांबवला नव्हता. अडकलेला एखादा प्रोग्राम वरिष्ठ एका आज्ञेने बंद करताना त्याने पाहिले होते, तीच आज्ञा त्याने दिली. प्रोग्राम बंद झाला, पण हातातली फाइल अर्ध्यावर तोडून. पुढे ती फाइल पहिल्यापासून पाठवली गेली आणि आधी पोचलेल्या नोंदी दुसऱ्यांदा पोचल्या. सकाळी काही विमेदारांच्या खात्यांतून हप्ता दोनदा वळता झाला होता. चूक त्याच दिवशी दुरुस्त झाली, पैसे परत गेले, परंतु क्षमापत्रे पाठवावी लागली. वरिष्ठांनी त्याला रागावून काही म्हटले नाही. "तुझ्या वहीत हे काम लिहिलेले आहे का?" एवढेच त्यांनी विचारले. वही नव्हतीच.

ही हकीकत नीट समजण्यासाठी मेनफ्रेमचे काम थोडे जाणून घेणे उपयोगी ठरेल. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. आजच्या मेनफ्रेमची वंशावळ तेथून सुरू होते, आणि त्या काळी लिहिलेले कित्येक प्रोग्राम आजच्या यंत्रांवरही चालू शकतात. मुंबईची संगणकांशी ओळख त्याहूनही जुनी आहे. एस्सो या तेल कंपनीच्या मुंबई कार्यालयात १९६१ मध्ये आयबीएम १४०१ हा संगणक आला. बँकांमध्ये मात्र यंत्राचा प्रवेश सावकाश झाला. नोकऱ्या जातील ही कर्मचाऱ्यांची भीती खरी होती. १९८३ मध्ये बँकांची संघटना व कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखांमधील जाडजूड लेजरांच्या जागी यंत्रे येऊ लागली. आज कळंबोलीच्या शेजारी खारघरला रिझर्व्ह बँकेचे डेटा सेंटर आहे आणि त्यापलीकडे बेलापूरला स्टेट बँकेचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे. आरटीजीएसने मोठी रक्कम पाठवण्याची सोय १४ डिसेंबर २०२० पासून दिवसरात्र, वर्षाचे सर्व दिवस खुली आहे. पेढीचे शटर रात्री खाली येते, पैशांच्या यंत्राचे येत नाही.

मोठ्या संस्थेतील मेनफ्रेमचा दिवस व्यापाऱ्याला सहज समजेल असाच असतो. दिवसा ग्राहकांचे व्यवहार येतात आणि त्यांची तत्काळ नोंद होते. हा झाला रोजमेळ. रात्री व्याज आकारणे, हप्ते वळते करणे, खाती अद्ययावत करणे, अहवाल काढणे अशी शेकडो कामे एकामागून एक चालतात. ही झाली खतावणी आणि तेरीज. क्रम चुकला तर सर्वच चुकते. रोजमेळ पुरा होण्याआधी खतावणी केली, किंवा एकच पान दोनदा खतावले, तर तेरीज कशी जुळेल? रात्रपाळीच्या माणसाचे काम म्हणजे हा क्रम राखणे आणि एखादे काम अडले तर ते का अडले हे ओळखून पुढचा निर्णय घेणे.

या यंत्राशी बोलण्याच्या आज्ञा अगदी छोट्या असतात. कित्येकदा एका इंग्रजी अक्षराच्या. 'डी' म्हणजे दाखव, 'एस' म्हणजे सुरू कर, 'व्ही' म्हणजे एखादे उपकरण जोड किंवा वेगळे कर. 'पी' म्हणजे थांब आणि 'सी' म्हणजे रद्द कर. शेवटच्या दोन आज्ञा नवख्याला सारख्याच वाटतात. त्यांत मोठे अंतर आहे. 'पी' म्हटले की प्रोग्रामला हातातले काम पुरे करून, फाइली नीट मिटून थांबण्याची संधी मिळते. 'सी' म्हटले की तो होता तेथेच तोडला जातो. काट्यावर ट्रक उभा असताना "हे वजन घे आणि मग काटा बंद कर" असे सांगणे आणि काट्याची वीजच तोडणे, यांत जो फरक, तोच येथे. त्या रात्री मुलाची बोटे 'सी'कडे गेली, कारण त्याने ते अक्षर पाहिले होते. त्याचा अर्थ त्याला कोणी विचारला नव्हता आणि त्यानेही विचारला नव्हता.

यावरून कोणी म्हणेल की वरिष्ठांचेच बरोबर होते, सर्व आज्ञा पाठ हव्यात. प्रश्न इतका सरळ नाही. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेत. ज्याचे पाढे पक्के, त्याला गिऱ्हाइकासमोर कागद लागत नसे. पाठांतराचे हे सामर्थ्य निर्विवाद आहे. दिवे गेले, पुस्तक हाताशी नसले, कोणाला विचारण्याची सोय नसली, तरी पाठ असलेले सोबत असते. परंतु पाठांतराला तीन मर्यादा आहेत. पहाटे तीन वाजता थकलेला माणूस पाठ असलेलेही चुकतो. अर्थ न कळता पाठ केलेली गोष्ट नेमक्या वेगळ्या प्रसंगी दगा देते. आणि जे केवळ एकाच माणसाच्या डोक्यात असते, ते त्याच्या निवृत्तीबरोबर दाराबाहेर जाते. ज्यांच्या पेढीवर एखाद्या मुनीमजींनी तीस-तीस वर्षे काढली, त्यांना ही शेवटची गोष्ट वेगळी सांगायला नको.

म्हणूनच नित्याची कामे यंत्राला सांगण्याची धडपड मेनफ्रेमच्या जगात फार पूर्वीपासून आहे. आयबीएममधील माइक काउलिशॉ यांनी १९७९ पासून घडवलेली रेक्स ही भाषा मेनफ्रेमवरील अशा कामांसाठी आजही वापरली जाते. तीत आज्ञांची मालिका एकदा लिहून ठेवायची. मग यंत्र ती मालिका दर वेळी त्याच क्रमाने, न थकता चालवते. कोणते काम कोणत्या कामानंतर सुरू व्हावे हे सांभाळणारे स्वतंत्र प्रोग्रामही असतात. कन्सोलच्या पडद्यावर संदेशांचा जो अखंड ओघ वाहतो, त्यातील निरर्थक संदेश लपवून फक्त माणसाने पाहण्याजोगे तेवढे पुढे करण्याचीही सोय असते. एवढ्या कामांचा भार आज केवळ माणसांच्या स्मरणावर पेलणे शक्य नाही. मुलाने जे केले ते आळसापोटी केलेले नव्हते, ते योग्यच होते. त्यात एक गोष्ट राहून गेली होती, एवढेच.

यंत्राला सांगितलेले काम कितीही लहान असले तरी ते निर्दोष आहे असे गृहीत धरता येत नाही. मेनफ्रेमच्या इतिहासात याचे एक गमतीदार उदाहरण आहे. आयईएफबीआर१४ नावाच्या प्रोग्रामचे काम आहे काहीही न करणे. त्याला बोलावण्याच्या निमित्ताने फाइल तयार करणे किंवा काढून टाकणे अशी कामे प्रणालीकडून करून घेता येतात, म्हणून तो ठेवलेला. सुरुवातीला त्यात एकच सूचना होती : परत जा. या एका सूचनेच्या प्रोग्राममध्येही चूक निघाली. परत जाताना "सर्व ठीक" असे सांगणारे शून्य एका ठरावीक जागी ठेवून जायचे असते, ते ठेवायचे राहिले होते. त्यामुळे त्या जागी आधीपासून पडलेला कोणताही आकडा निकाल म्हणून वाचला जाई. मग शून्य ठेवणारी आणखी एक सूचना घालावी लागली. काहीही न करणाऱ्या प्रोग्रामची ही कथा, तर शेकडो कामे करणाऱ्याविषयी किती सावध असावे!

या सावधपणाचा अभाव किती महाग पडतो, हे ब्रिटनमध्ये २०१२ साली दिसले. १७ जून २०१२ रोजी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहात, रात्रीची कामे क्रमाने चालवणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवण्यात आली. अडचणी दिसल्या म्हणून ती काढून जुनी परत आणली गेली, परंतु तसे केल्याने काय होईल याची आधी चाचणी झाली नाही. नवी व जुनी या दोन आवृत्त्यांचे एकमेकींशी जुळत नव्हते. रात्रीची कामे अडली आणि तुंबत गेली. रॉयल बँक, नॅटवेस्ट व अल्स्टर बँक यांच्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ पोचली. कोणाची शिल्लक चुकीची दिसे, कोणाचा पगार जमा होईना, कोणाचे हप्ते वेळेवर जाईनात. अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचा त्रास तर जुलैपर्यंत चालला. एरवी आपोआप होणाऱ्या कामांत माणसांना मोठ्या प्रमाणावर हात घालावा लागला आणि कोणते काम कुठवर झाले होते, हे शोधण्यातच वेळ गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये नियामकांनी या समूहाला एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला.

या घटनेच्या जवळपास तीस वर्षे आधी, १९८३ मध्ये, लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने स्वयंचलनातील विसंगतींवर एक निबंध लिहिला होता. कारखान्यांतील नियंत्रण-कक्ष हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाकडे फक्त कठीण प्रसंग उरतात. त्या प्रसंगी लागणारे कौशल्य रोजच्या सरावाने टिकत असते, आणि तो सराव तर यंत्राने काढून घेतलेला असतो. म्हणजे यंत्र जितके चांगले, तितका त्याच्यामागचा माणूस अधिक तयारीचा हवा. त्या रात्री मुलाची जी अवस्था झाली, तिचे याहून नेमके वर्णन होणार नाही.

यावर मोठ्या संस्थांनी शोधलेला उपाय म्हणजे मुद्दाम केलेला सराव. आपल्या शेअर बाजारांचे उदाहरण वाचकांना आठवत असेल. २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ या दोन्ही शनिवारी, सुट्टी असताना, मुंबईच्या दोन्ही प्रमुख बाजारांनी विशेष सत्रे घेतली. त्यांतील एक भाग मुख्य केंद्रावरून आणि दुसरा भाग आपत्काळासाठी ठेवलेल्या पर्यायी केंद्रावरून चालवला गेला. अडचण आलेली नसताना, दिवसाउजेडी आणि ठरवून, पर्यायी मार्गाने जाऊन पाहणे हा त्यामागचा हेतू. अडचण आल्यावर पहिल्यांदा तो मार्ग चालणे म्हणजे काळोखात अनोळखी जिना उतरणे.

मुलाची ही हकीकत घरात चालू असतानाच वडिलांच्या मनात वेगळाच विचार घोळत होता. पेढीवर नवे सॉफ्टवेअर बसले होते. त्यातून बिल निघे, ई-इन्व्हॉइस निघे, ई-वे बिल निघे, महिनाअखेरीस विवरणपत्राचे आकडेही तयार मिळत. मुनीमजींचे वय झाले होते, डोळ्यांनी नीट दिसत नव्हते. दिवाळीला त्यांना सन्मानाने निरोप द्यावा, असे वडिलांनी जवळजवळ ठरवले होते. आजोबा दोघांचेही ऐकून घेत होते. ते म्हणाले, "तुम्हा दोघांचा प्रश्न एकच आहे. मुनीमजी काय जाणतात, ते आधी पाहू या."

दुसऱ्या दिवशी नातू पेढीवर गेला. मुनीमजींपुढे एक बिल होते : १२ मिलिमीटरच्या, १२ मीटर लांबीच्या १०० सळया. वजनाच्या रकान्यात १,८९६ किलो. मुनीमजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "छोटे शेठ, हे सोळाचे वजन आहे, बाराचे नाही." माल निवडताना वरची ओळ सोडून खालची निवडली गेली होती. सॉफ्टवेअरने आपले काम अचूक केले होते, सांगितलेल्या मालाचे वजन अचूक मांडले होते. मुलाने विचारले, "मुनीमजी, तुम्हाला हे सगळे पाठ आहे?" मुनीमजी हसले. "पाठ तर आहेच. ८ चे ०.३९५, १० चे ०.६१७, १२ चे ०.८८८, १६ चे १.५८. पण पाठ नसले तरी अडत नाही. व्यासाचा वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचे वजन मिळते. बारा बारा एकशेचव्वेचाळीस, भागिले १६२. शंभर सळयांचे १,०६६ किलो भरायला हवे."

हा १६२ कोठून आला, हे मुलाने घरी येऊन काढून पाहिले. पोलादाच्या एका घनमीटरचे वजन ७,८५० किलो धरतात. गोल सळईच्या छेदाचे क्षेत्रफळ काढून त्याने गुणले की भाजक म्हणून जवळजवळ १६२ हाच आकडा येतो. त्या क्षणी त्याला आपल्या चुकीचे मूळ दिसले. मुनीमजींकडे तीन गोष्टी होत्या. आकडे पाठ होते, आकड्यांमागची रीत ठाऊक होती, आणि आलेले उत्तर डोळ्यांखालून घालण्याची सवय होती. यंत्र आल्यावर यांतील पहिल्या गोष्टीची गरज कमी होते, दुसरीची व तिसरीची वाढते. हाताने बिल करताना चूक झाली तर एक बिल चुकते. यंत्राला चुकीचे सांगितले तर त्यातून निघणारे प्रत्येक बिल चुकते, आणि तेही सुबक छापील अक्षरांत, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

ई-वे बिलाचीही तीच गोष्ट. साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते, म्हणजे ८०० किलोमीटरच्या प्रवासाला ४ दिवस. सॉफ्टवेअर बिल काढते, मुदतही छापते. परंतु वाटेत ट्रकचा आस मोडला आणि तो दोन दिवस एखाद्या गॅरेजात उभा राहिला, तर त्या सॉफ्टवेअरला ते कोण सांगणार? मुदत संपण्यापूर्वीच्या ८ तासांपासून संपल्यानंतरच्या ८ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. ती वेळ टळली आणि माल वाटेत अडवला गेला, तर मालक पुढे आला तरी कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद कायद्यात आहे. समजा, ५ लाखांचा माल असेल, तर १८ टक्क्यांनी कर होतो ९०,००० रुपये आणि दंड १,८०,००० रुपये. मुनीमजी रोज संध्याकाळी लांबच्या मालाच्या चालकांना एकेक फोन करीत. हा फोन सॉफ्टवेअरच्या कोणत्याही यादीत नव्हता. मुनीमजी दिवाळीला घरी गेले असते, तर तो फोनही त्यांच्याबरोबर गेला असता, आणि कशामुळे नुकसान झाले हे पेढीला पुष्कळ उशिरा कळले असते.

त्या रविवारी घरात जे ठरले, ते कोणत्याही पेढीला आणि कोणत्याही रात्रपाळीला लागू पडावे असे आहे. काम यंत्राकडे द्यायचे, यात शंका नको. परंतु देण्यापूर्वी ते स्वतःच्या हाताने पुरेसे वेळा करायचे, म्हणजे त्यातील प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे कळेल. मग ते वहीत लिहायचे. कोणती पायरी, ती का, ती चुकली तर काय दिसेल आणि तेव्हा काय करायचे. हे लिहिता आले तरच काम यंत्राकडे सोपवायचे. ज्याला ते लिहिता येत नाही, त्याला ते यंत्राला तरी कसे सांगता येईल? आणि सोपवल्यानंतरही महिन्यातून एकदा, घाई नसताना, ते हाताने करून पाहायचे.

पाठ काय करायचे, याचाही निवाडा झाला. सर्व आज्ञा पाठ करण्याची गरज नाही, वहीत पाहता येते. परंतु ज्या वेळी वही उघडण्यास अवधी नसतो किंवा यंत्र मुकाट झालेले असते, त्या वेळच्या मोजक्या गोष्टी पाठच हव्यात. मेनफ्रेमवर त्या म्हणजे काय चालू आहे ते पाहणे, एखादे काम सभ्यपणे थांबवणे, सर्व यंत्रणा योग्य क्रमाने बंद व सुरू करणे, आणि मदतीसाठी कोणाला उठवायचे. पेढीवर त्या म्हणजे तिजोरीचा हिशेब, मालाच्या वजनाची रीत, कराच्या तारखा आणि ज्यांच्यावर विसंबता येते अशा चार माणसांचे फोन. असा एकेक कागद प्रत्येक घराला करता येईल. तो करताना, आपल्या घरी हे सारे केवळ एकाच माणसाला ठाऊक आहे, असेही कित्येकांच्या लक्षात येईल.

मुलाने आपले स्वयंचलित प्रोग्राम काढून टाकले नाहीत. त्याने प्रत्येकासाठी वहीत एक पान लिहिले आणि महिन्यातील एक रात्र, वरिष्ठांच्या संमतीने व त्यांच्या देखरेखीखाली, आज्ञा हाताने देण्यासाठी राखली. वरिष्ठ निवृत्त होण्यास अजून काही महिने आहेत. ते पाने वाचतात, कडेला पेन्सिलीने खुणा करतात. "हे का?" असा प्रश्न त्यांनी जेथे लिहिला, तेथे मुलाला बहुधा उत्तर ठाऊक नसते, आणि मग ते शोधावे लागते.

पेढीवर मुनीमजींचा निरोप पुढे ढकलला गेला. सॉफ्टवेअर चालूच आहे, बिले त्यातूनच निघतात. मुनीमजी आता दुपारी दोन तास येतात. ते सांगतात आणि पेढीवरची तरुण मुलगी, जी सॉफ्टवेअर चालवते, ती लिहून घेते. रविवारी नातूही शेजारी बसतो. वहीचे पहिले पान सळयांच्या वजनाचे आहे, त्यावर १६२ हा आकडा ठळक लिहिलेला आहे आणि खाली तो कसा येतो याची रीत. दुसऱ्या पानावर लांबच्या मालाच्या संध्याकाळच्या फोनची नोंद आहे. तिसरे पान मुनीमजींनी अजून सांगितलेले नाही. त्यांना आठवून सांगावे लागेल, कारण इतकी वर्षे ते काम त्यांचे हातच करीत आले आहेत.